शिडी शेवटी

आईच्या डाव्या बाजूला बसलं की मी नसायचे. म्हणजे चांगली धडधाकट, हातात औषधाचा चमचा घेऊन बसलेली असायचे, पण तिच्या लेखी ती खुर्ची रिकामी. "कुठे उलथलीये ही?" असं ती समोरच्या भिंतीला विचारायची. "अगं, ही काय इथेच आहे," असं मी तिच्या कानाशी ओरडले, की ती मान उजवीकडे वळवून मला दाराकडे शोधायची.

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून तिचं हे असं झालं होतं. डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढत चालायला लागला, इथपर्यंत समजण्यासारखं होतं. पण तिच्या मेंदूने जगाची डावी बाजूच रद्द करून टाकली होती. डोळ्यांत काही बिघाड नव्हता. मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते, दिवसभर लोकांना एक डोळा झाका आणि खालची ओळ वाचा असं सांगून पोट भरते, तेव्हा डोळ्यांचं मला कुणी शिकवू नये. डोळे ठणठणीत होते. तरी ती ताटाचा उजवा अर्धा भाग चाटूनपुसून खायची आणि म्हणायची, "एवढंसंच वाढलंस?" मी ताट फिरवलं की उरलेलं खायची आणि वर मलाच ऐकवायची, "हे आधी वाढायला काय झालं होतं?" केस उजवीकडचे विंचरायची. डावीकडचे तसेच पिंजारलेले. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबून बसवायची.

हे सगळं मी सहन केलं. चिडत, करवादत का होईना, केलं. पण एके दिवशी तिचं अंग पुसत होते आणि डावा हात उचलला, तर ती म्हणाली, "हळू. ह्यांना लागेल."

"कुणाला?"

"ह्यांना ग. ह्यांचा हात आहे तो."

'हे' म्हणजे माझे बाबा. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली.

फिजिओथेरपीच्या बाई दर आठवड्याला घरी यायच्या. मी त्यांना जिन्यात गाठून हे सांगितलं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "होतं असं," त्या म्हणाल्या. "काही पेशंट म्हणतात हा हात नर्सचा आहे, काही म्हणतात भावाचा आहे. मेंदूला तो हात आपला वाटत नाही, मग तो एक गोष्ट रचतो. तुम्ही वाद घालू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा, ज्या हाताला त्या आपला म्हणत नाहीत तो हात परत येणार नाही. आणि सांभाळा. त्या बाजूचं दुखणंसुद्धा त्यांना कळत नाही."

मी मान हलवली. मनात मात्र चरफडत होते. मेलेला माणूस हिला डावीकडे दिसतो, आणि रोज हिचं सगळं करणारी जिवंत पोर दिसत नाही. न्याय बघा.

इथे बाबांच्या कामाबद्दल सांगायला हवं. बाबा आणि आई दोघंही घरसामान हलवणाऱ्या कंपनीत होते. लोक घर बदलायचे, हे दोघं ते घर बांधून गाडीत घालायचे. आई काचसामान बांधायची. एकेक पेला कागदात असा गुंडाळायची की जिन्यावरून फेकला तरी फुटू नये. बाबा गाडी भरायचे. गाडी भरणं म्हणजे सामान आत टाकणं नव्हे, हे आमच्या घरात बाळकडूसारखं पाजलेलं होतं. आधी कपाटं, मग पेट्या, मग खुर्च्या एकमेकींत अडकवून, छतापर्यंत, बोट शिरायला जागा नाही असं. पण डाव्या भिंतीला लागून एक माणूस जाईल एवढी गल्ली शेवटपर्यंत मोकळी ठेवायची. "आधी स्वतः बाहेर पडायला जागा," बाबा नव्या पोरांना सांगायचे, "मग लोकांचं सामान." सगळं भरून झालं की बाबा त्या गल्लीतून बाहेर यायचे आणि लांब सामान तिच्यात घालायचे. गालिचे, पडद्याच्या दांड्या आणि अगदी शेवटी शिडी. शिडी ते स्वतः सरकवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मग दार लावायचे आणि गाडीच्या पाठीवर डाव्या तळव्याने दोन थापा मारायचे. थप, थप. त्या ऐकल्या की ड्रायव्हर गाडी काढायचा.

एका दुपारी गाडी भरत आलेली असताना बाबा त्या गल्लीत टेकून खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. त्यांना बाहेर काढलं तेव्हा शिडी फुटपाथवरच पडलेली होती. नंतर कुणीतरी आत टाकली असेल. आई म्हणते, तिला त्या गाडीच्या थापा ऐकू आल्या नाहीत.

तर त्या फिजिओथेरपीच्या बाईंनी पुढच्या आठवड्यात एक खेळ आणला. हातात मावेल असा, आडवा, पिवळट पडलेल्या प्लास्टिकचा, मधोमध करडी काच. त्यांचा मुलगा लहानपणी खेळायचा म्हणे.

"आजी, यात वरून तुकडे पडतात," त्या म्हणाल्या. "डाव्या अंगठ्याच्या बटणाने सरकवायचे, उजव्या अंगठ्याच्या बटणाने फिरवायचे, खाली नीट बसवायचे. तुकडा कुठे जाणार ते ठरवायला डावी भिंत बघावीच लागते. त्यातच सगळं औषध आहे."

"मी आजी कुणाची?" आई म्हणाली. "हिचं अजून कशात काही नाही."

बाईंना पुढच्या पेशंटकडे जायचं होतं. आईचा डावा हात चालत नाही तोवर तिच्या डावीकडे बसून डावं बटण मी दाबायचं, आईने उजवं, एवढं ठरवून त्या गेल्या. खेळात जिंकायचं कसं हे सांगायचं राहिलं. आम्हीही विचारलं नाही. वरून सामान येतंय, खाली खोका आहे, तो ठासून छतापर्यंत भरायचा, यात विचारायचं काय?

आईने पाहिल्या पाहिल्या तुकड्यांना नावं ठेवली. चौकोनी ती पेटी. एका टोकाला वाकलेली ती खुर्ची, आणि तिची जोडीदार ती उलटी खुर्ची. मध्ये पाय असलेला टीपॉय. दोन नागमोडी तुकडे म्हणजे डावा जिना आणि उजवा जिना. आणि लांब, सरळ, एका रेषेतली ती शिडी. मी पेटी कोपऱ्यात नेली, आईने खुर्ची फिरवून तिच्यात अडकवली. सरकवलं की खेळ 'टिक' करायचा, फिरवलं की 'टुक'. खालची ओळ भिंतीपासून भिंतीपर्यंत गच्च भरली, आणि लुकलुकून नाहीशी झाली.

"अगं, माल कुठे गेला?" आई ओरडली.

"काय माहीत. बिघडलाय वाटतं."

"बिघडलाय कसला, चोर आहे मेला! भरलेला माल गायब करतो."

मग आम्ही माय-लेकींनी युक्ती काढली. ओळ पूर्ण भरली तर माल जातो ना? मग भरायचीच नाही. प्रत्येक ओळीत एक घर मोकळं सोडायचं. असं करत सामान छताला भिडवलं, खेळ थांबला, आणि आई समाधानाने म्हणाली, "भरली गाडी." झटक्यानंतर ती पहिल्यांदा मनापासून हसली. मीही हसले. पुढच्या खेपेला बाईंना आम्ही मोठ्या तोऱ्यात दाखवलं, तर त्या पोट धरून हसत सुटल्या. "अहो, तुम्ही दोघी मन लावून हरताय! ओळ भरायची, ती गेली पाहिजे, हाच तर खेळ. ओळ गेली की वरचं खाली येतं, जागा होते. शिडी अशी मोकळ्या जागेत उभी घातली तर चार ओळी एकदम जातात. ते सगळ्यात भारी."

आईचं हसू मावळलं. "म्हणजे भरलं की जातं?"

"हो, आजी."

"मग मी नाही भरणार," आई म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. जाताना त्यांनी खेळाच्या काचेवर बोट ठेवून दाखवलं. "बघा, डावीकडची जागा मोकळीच राहतेय. तिकडे लक्षच जात नाही अजून."

त्या गेल्यावर मी ती काच नीट पाहिली. नजरेतली खोट पकडणं हेच माझं काम आहे. ज्याला डावी बाजू दिसत नाही त्याचं सामान उजवीकडे कसंही साठतं, कड वेडीवाकडी होते, कुठे तीन घरं सुटतात, कुठे पाच. इथे डाव्या भिंतीला लागून बरोबर एका घराची पट्टी खालपासून वरपर्यंत सरळ सोडलेली होती. सरकवायचं बटण माझ्या हातात होतं हे खरं, पण कुठे थांबायचं ते ती सांगायची. "बास, बास," ती म्हणायची आणि मी थांबायचे. त्या पट्टीत एकही तुकडा जाऊ दिला नव्हता.

"आई, इथे डावीकडे काय आहे?"

"गल्ली."

"कशाला?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच आजारी आहे. "हे आत आहेत ना अजून."

मी खेळ बंद करून कपाटावर ठेवला. उन्हाची वेळ, खाली रस्त्यावर भाजीच्या गाड्यांचा गलका, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

तरी तोवर मी स्वतःला समजावत होते. मेंदू गोष्ट रचतो, बाईंनी सांगितलंच आहे. पण दोन-तीन दिवसांनी मी तिच्या डाव्या हाताची नखं कापत होते. लुळा, जड, थंडगार हात. कापून झाल्यावर मी तो माझ्या मांडीवर ठेवला आणि सहज त्याच्यावर हात टेकवला. त्या हाताची दोन बोटं उघडली आणि त्यांनी माझी करंगळी धरली. फक्त करंगळी.

आईने मला आयुष्यात असं कधी धरलं नाही. आई धरते ती अख्खा पंजा, मनगटासकट, रस्ता ओलांडताना हात उखडून येईल असा. करंगळी धरायचे बाबा. त्यांच्या हातांना घट्टे पडलेले होते, मला टोचू नयेत म्हणून ते दोनच बोटांनी करंगळी धरायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आईला कदाचित ठाऊकही नसेल.

मी हलले नाही. आई उजवीकडे बघून डुलक्या काढत होती. खूप वेळाने बोटं सैल झाली.

बाईंना सांगितलं. त्यांनी हाताला टाचणी टोचली, चिमटा काढला, रबरी हातोडीने कोपरावर ठोकलं. हात मेल्यासारखा पडून होता. "तुम्ही थोडी विश्रांती घ्या," त्या मला म्हणाल्या. मला राग आला, पण त्यांनी तरी काय म्हणायचं?

त्याच आठवड्यात दूध उतू जातंय असं वाटून मी खेळ अर्ध्यावर आईच्या मांडीवर टाकला आणि स्वयंपाकघरात पळाले. गॅस बंद केला. बाहेरून आवाज येत होता. टुक. टुक. आई फिरवतेय, मी मनात म्हटलं. मग ऐकलं, टिक. टिक. टिक. टुक. टिक.

सरकवायचं बटण डावीकडे आहे.

मी दारात आले. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती, खेळाच्या काचेकडे तिचं लक्षही नव्हतं. तिचा उजवा हात मांडीवरच्या खेळाला होता, आणि डावाही होता. डावा अंगठा बटणावर मागेपुढे होत होता, घाई नाही, गडबड नाही, वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखा. पेटी आली, कोपऱ्यात गेली. खुर्ची आली, पेटीत अडकली. शिडी आली, ती मात्र आडवी वर ठेवली गेली, गल्ली सोडून.

"बाबा?" मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

अंगठा थांबला. आईने मान वळवली आणि दाराकडे, माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना कामात बोलायचं नाही, माहितीये ना?"

आता खरं सांगायचं तर त्यानंतर मला भीती वाटेनाशी झाली. मला आनंद झाला. दुकानातून आले की मी आईच्या डावीकडे खुर्ची ओढून बसायला लागले आणि त्या हातात करंगळी द्यायला लागले. दुकानातलं सगळं त्याला सांगायचे. कोण गिऱ्हाईक भांडलं, मालक कसा चिक्कू आहे, मी कुणाला काय सुनावलं. हात कधी करंगळी दाबायचा, कधी नाही. खेळ कपाटावर धूळ खात पडला. आईची डावी बाजू परत आली तर हा हात तिचा होईल, आणि मग बाबा जातील, हे मला न कळायला मी काही दुधखुळी नव्हते. बाईंनी विचारलं, रोज सराव करता ना? मी म्हटलं, हो, करतो की.

आईत मात्र फरक पडत चालला होता, आणि तो चांगला नव्हता. आधी फक्त हात 'ह्यांचा' होता. मग खांद्यापर्यंत सगळं ह्यांचं झालं. मग पाय. पलंगावर ती उजव्या कडेला इतकी सरकून झोपायला लागली की मी दोनदा तिला पडता पडता धरलं. "ह्यांना जागा नको का?" ती म्हणायची. एक दिवस तोंड धुताना तिने डाव्या गालाला हात लावू दिला नाही. मी पंधरवड्याने खेळ खाली काढून तिच्यासमोर धरला, निव्वळ बघावं म्हणून. ती बास म्हणाली ते कितीतरी आधी. गल्ली एका घराची राहिली नव्हती. चार घरं मोकळी सुटली होती, आणि सगळं सामान उजव्या भिंतीला उभं दाटलं होतं.

"आई, एवढी मोठी गल्ली कशाला?"

"ते येतायत ना," ती अर्ध्या तोंडाने म्हणाली. "मला काय, एवढीशी पुरते."

भीती परत आली, आणि या वेळची भीती वेगळी होती. तरीही मी काही केलं नाही. उद्या करू, असं म्हणून करंगळी देत राहिले.

आणि मग ती इस्त्री. दुकानात घालायचा पांढरा कोट इस्त्री करून मी इस्त्री टेबलावर उभी ठेवली आणि कोट टांगायला आतल्या खोलीत गेले. टेबल आईच्या डावीकडे. मी परत आले ती वासाने. आई शांत बसली होती, चेहऱ्यावर एक रेघ हललेली नाही, आणि डावा तळवा इस्त्रीच्या तापलेल्या पत्र्यावर चिकटलेला. मी किंचाळले, हात ओढून काढला, नळाखाली धरला. आई उजव्या हाताने त्या मनगटाला थोपटत होती.

"ह्यांना भाजलं ग," ती हळहळत म्हणाली. "एवढं भाजलं तरी बोलले नाहीत. पहिल्यापासून असेच."

डॉक्टरने पट्टी बांधली. आणखी थोडा वेळ गेला असता तर बोटं गेली असती, म्हणाला. पुढच्या वेळी पाय असेल, किंवा चेहरा, किंवा ही डावीकडच्या खिडकीतून सरळ बाहेर पाऊल टाकेल, कारण तिकडे खिडकी आहे हेच हिला कळत नाही. बोलताना तो आईकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता. घरी आल्यावर मी मोरीत उभी राहून भरपूर रडले. मग तोंड धुतलं आणि कपाटावरून खेळ काढला.

दुपारची वेळ होती, आई पलंगावर टेकून बसली होती. मी आईच्या डावीकडे बसले. खेळ तिच्या मांडीवर ठेवला, तिचा उजवा हात उजव्या बटणावर. पट्टीतून डाव्या हाताचा अंगठा बाहेर होता, पण तो मी लगेच बटणावर ठेवला नाही. आधी मी स्वतः दाबायला घेतलं.

"बास," आई म्हणाली. मी थांबले नाही. टिक, टिक, टिक, पेटी त्या रुंद गल्लीत घुसवली.

"अगं, बास म्हणते ना! तिथे ते आहेत!"

"थोडे सरकतील," मी म्हटलं.

ती मला वाट्टेल ते बोलली. कसाई म्हणाली. उजव्या अंगठ्याने तुकडे भलतेच फिरवून माझी वाट अडवायला लागली. मीही तिचीच मुलगी. तिने खुर्ची उलटी केली तर मी उलट्या खुर्चीला जागा शोधली, जिना फिरवला तर जिना बसवला. चौथं घर भरलं, तिसरं भरलं, दुसरं भरलं. भिंतीशी एका घराची गल्ली उरली, बाबा सोडायचे तेवढीच. सामान छताला टेकत आलं होतं. काचेच्या कोपऱ्यात पुढचा तुकडा दिसतो, तिथे शिडी आली.

आईनेही ती पाहिली. "नको ग," ती म्हणाली. आता ती चिडली नव्हती, विनवत होती. "शिडी गेली की गाडी सुटते."

"माहितीये, आई."

मी माझा अंगठा काढून घेतला आणि पट्टी बांधलेला तो हात उचलून खेळाला लावला, अंगठा बटणावर. शिडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो. मग मी त्या हाताकडे बघून बोलले.

"बाबा, गाडी भरली. आधी बाहेर पडायला जागा, असं तुम्हीच सांगायचात ना? तिला नाही उरली हो जागा. मला तुम्ही हवे आहात. खूप हवे आहात. पण तिला नाही उरली जागा."

शिडी वरून आली, आडवी. खाली येऊ लागली. आई रडत होती. मी डोळे मिटणार होते, तेवढ्यात ऐकलं, टुक. आईने शिडी उभी केली होती. तिने स्वतः, उजव्या अंगठ्याने.

टिक.

टिक. टिक.

टिक.

शिडी डाव्या भिंतीला लागली आणि गल्लीत खालपर्यंत गेली. चार ओळी लुकलुकल्या आणि गेल्या.

डावा हात खेळावरून उठला. लाकडी पलंगाच्या कडेवर तळव्याने, पट्टीसकट, दोनदा पडला. थप. थप.

खोलीत काहीच हललं नाही. खाली रस्त्यावर कुठलीतरी मोठी गाडी गिअर टाकून निघाली. रस्त्यावर दिवसभर गाड्या निघतात. मी उठून बघितलं नाही.

मग आई कळवळली. "आई ग! हात! अगं, माझा हात! काय झालंय माझ्या हाताला, किती भाजलंय!" ती डावा हात उजव्या हाताने छातीशी धरून लहान मुलासारखी रडत होती. आणि रडत रडत तिने मान वळवली, डावीकडे, आणि माझ्याकडे पाहिलं. "इथे बसलीयेस होय," ती म्हणाली. "केव्हापासून?"

मी पट्टीवर फुंकर घातली. मग न राहवून माझी करंगळी तिच्या डाव्या हाताकडे नेली आणि वाट बघितली.

भाजलेली बोटं हळूहळू उघडली. दुखत असूनही तिने माझा अख्खा पंजा धरला, मनगटासकट.